एक बाडेन, दुसरं बाडेन, बाडेन-बाडेन

आईला आयुष्यात पहिल्यांदा महागडं गिफ्ट दिलं आणि ते भलत्याच देशात निघालं. म्हणजे गिफ्ट बरोबर होतं, तारीख बरोबर होती, गावाचं नावसुद्धा बरोबर होतं. देश तेवढा चुकला.

सीन असा होता. ताई दोन वर्षांपासून झुरिकला आहे, जिजूंचं ऑनसाइट. मागच्या ऑक्टोबरात आई आणि मी महिनाभर तिच्याकडे गेलो. आईच्या गुडघ्यांचं जुनं दुखणं. 'उजवा आता बदलून टाका' असं ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी सांगून दीड वर्ष झालं होतं. आईचं पालुपद ठरलेलं, "आधी गणपती होऊ देत." मग "दिवाळी होऊ दे." मग "लेकीकडे जाऊन येते, मग बघू." ताई फोनवर चिडायची, मी घरात चिडायचे. आई शांतपणे तेल लावून गुडघ्याला क्रेप बँडेज गुंडाळायची आणि मटार सोलायला बसायची.

त्यात मला एका कामाचे पैसे एकरकमी आले. फ्रीलान्सरच्या आयुष्यात हा योग किती दुर्मीळ असतो ते फ्रीलान्सरलाच विचारा. मी ठरवलं, आईला स्पा! झुरिकपासून जवळच बाडेन नावाचं गाव आहे, रोमन लोकांच्या काळापासून तिथे गरम पाण्याचे झरे आहेत, एवढं वाचलं होतं. दोन रात्री तिथल्या हॉटेलात, ताईच्या किचनपासून लांब. नाहीतर आईचं काय आहे, स्वित्झर्लंडला जाऊनही ती पोळ्याच लाटत बसते.

रात्री दीड वाजता लॅपटॉपवर 'बाडेन' टाइप केलं. स्टेशनपासून चालत जाण्यासारखं, गरम पाण्याचे बाथ पाच मिनिटांवर, फोटोत पिवळ्या भिंती आणि जिरेनियमच्या कुंड्या. रेट बघून तर उडालेच, स्वित्झर्लंडच्या मानानं चक्क परवडणारा! नॉन-रिफंडेबल होता म्हणून अजून स्वस्त. क्लिक.

आता हुशार वाचकांच्या लक्षात आलं असेल. रेट युरोत होता. स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक चालतात. हे मला माहीत होतं हो! महिनाभर फ्रँक मोजून कॉफी पीत होते मी. पण रात्री दीड वाजता, डिस्काउंट दिसत असताना, जगात कुणाला चलन दिसतं?

बाडेन स्टेशनवर उतरून चौकशीच्या काउंटरवर मोबाइल पुढे केला. तिथल्या बाईंनी स्क्रीन बघितला, मग माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे बॅग धरून उभ्या असलेल्या आईकडे बघितलं. आणि अगदी हळू आवाजात, डॉक्टर बातमी देतात तशा, म्हणाल्या की हा पिन कोड ऑस्ट्रियाचा आहे.

२५००. बाडेन, व्हिएन्नाच्या खाली. मी उभी होते त्या बाडेनचा पिन कोड ५४००. दोन्ही देशांत पिन कोड चार आकडी, त्यामुळे बघूनही शंका येऊ नये अशी चोख व्यवस्था. झुरिकहून व्हिएन्नाला ट्रेननं सुमारे आठ तास लागतात. त्या दिवशीच्या तिकिटांचे दर बघितले आणि मोबाइल खिशात टाकला. शिवाय या गुडघ्यांना आठ तास बसवून न्यायचं?

आईला सांगितलं. मला वाटलं, आता 'तुझं नेहमीच असं' सुरू होणार. आई एवढंच म्हणाली, "मला भूक लागलीये."

स्टेशनजवळच्या बेकरीत आम्ही बसलो. मी हॉटेलला रडकी मेल लिहिली. मग स्वतःवरचा राग कमी करायला, आपला मूर्खपणा कितपत कॉमन आहे ते शोधायला लागले. तर मंडळी, तो बराच कॉमन असणार, कारण गोंधळ व्हावा अशी सोय दोन हजार वर्षांपासून केलेली आहे.

जर्मनमध्ये 'बाड' म्हणजे स्नान, स्नानाची जागा. 'बाडेन' हे त्याचंच जुनं अनेकवचनी रूप. जिथे जमिनीतून गरम पाणी आलं, तिथे लोकांनी गावाचं नाव ठेवलं बाडेन. झरे अनेक, कल्पनाशक्ती एकच. त्याआधी रोमन लोकांनी तरी काय दिवे लावले होते? ते नुसतं 'आक्वे' म्हणायचे. पाणी! बस. स्वित्झर्लंडचं बाडेन म्हणजे आक्वे हेल्वेटिके, हेल्वेटी जमातीचं पाणी. ऑस्ट्रियाचं बाडेन नुसतंच आक्वे. जर्मनीतलं तेही आक्वे. इंग्लंडातलं बाथ म्हणजे आक्वे सुलिस. फ्रान्समध्ये तर याच आक्वेचा घासून घासून 'एक्स' झाला, एक्स-ले-बाँ, एक्स-आँ-प्रोव्हाँस. एखादा रोमन सैनिक घरी 'पाण्याला चाललोय' म्हणून निघाला असेल, तर त्याच्या बायकोनं कुठे शोधायचं?

सगळ्यात गंमत जर्मनीतल्या बाडेनची. या गावाच्या नावावरून आसपासच्या अख्ख्या राज्याचं नाव बाडेन पडलं. मग गाव कुठलं आणि राज्य कुठलं हा घोळ. बाकीच्या बाडेनांशी गोंधळ होताच. म्हणून लोक 'बाडेनमधलं बाडेन' म्हणायला लागले आणि १९३१ मध्ये गावाचं ऑफिशियल नावच बाडेन-बाडेन झालं. एकदा सांगून कळत नसेल तर दोनदा सांगा! दोस्तोयेव्हस्की जुगारात पैसे घालवायला जायचा ते हेच. आणि ऑस्ट्रियाचं बाडेन, जिथे त्या क्षणी माझी दोन रात्रींची खोली रिकामी पडली होती, ते 'बाडेन बाय वीन', म्हणजे व्हिएन्नाजवळचं बाडेन. तिथे बेटोव्हेन उन्हाळ्यात जाऊन राहायचा. त्याच्या नवव्या सिम्फनीचा बराच भाग तिथल्या ज्या घरात लिहिला गेला, ते घर आता म्युझियम आहे. छान. म्हणजे मी नुसती खोली घालवली नव्हती, बेटोव्हेनपण घालवला होता.

आपल्याकडे याचं उत्तर फार आधी काढून ठेवलंय, बुद्रुक आणि खुर्द. एका नावाची दोन गावं झाली की मोठं ते बुद्रुक, धाकटं ते खुर्द. दोन्ही शब्द फारसी वळणाचे, पण पुणेकराला विचाराल तर सांगेल की आमचेच. तरीही वडगाव म्हटलं की रिक्षावाला विचारतोच, बुद्रुक, शेरी का मावळ? स्विस लोकांनीही एक खुर्द काढलंय म्हणा. नदीच्या पलीकडच्या गावाचं नाव एनेटबाडेन, म्हणजे पलीकडचं बाडेन. अगदी आपल्या वाडीसारखं.

आई हे सगळं ऐकत होती की नाही, कोण जाणे. ती समोरच्या पेस्ट्रीचं निरीक्षण करत होती. तिचं नाव 'श्पानिश ब्रॉटली'. १८४७ मध्ये स्वित्झर्लंडची पहिली रेल्वे धावली ती झुरिक ते बाडेन, आणि झुरिकचे श्रीमंत लोक ही ताजी पेस्ट्री त्या गाडीनं मागवायचे म्हणून त्या रेल्वेलाच पेस्ट्रीचं नाव पडलं. आई म्हणाली, "खारीच आहे. जरा बरी खारी." मग म्हणाली, "आलोच आहोत तर पाणी बघून जाऊ."

स्टेशन वर टेकाडावर आणि झरे खाली लिम्माट नदीच्या वळणावर. हळूहळू, प्रत्येक बाकावर थांबत आम्ही गेलो. आई उतारावर आडवी पावलं टाकत चालते. उतार तिला चढापेक्षा जास्त छळतो. मी हात पुढे केला की झिडकारते. मग दहा पावलांवर स्वतःच धरते.

खाली पोचलो तर दोन जगं शेजारीशेजारी. एक 'फोर्टीसेव्हन' नावाचं भलंमोठं वेलनेस सेंटर, मारिओ बोट्टा या नामांकित आर्किटेक्टनं डिझाइन केलेलं, २०२१ मध्ये उघडलेलं. नावाचं कारण इथलं पाणी ४७ डिग्रीला वर येतं. बाहेर पांढऱ्या बाथरोबमधली माणसं काचेआडून दिसत होती. तिकिटाचा बोर्ड वाचून आईनं मनातल्या मनात गुणाकार केला. ती कुठल्याही देशात हे तीन सेकंदांत करते. आणि ती पुढे चालायला लागली.

दुसरं जग थोडं पुढे, नदीच्या काठावर. दगडी हौद, त्यात वाफाळतं पाणी, आणि कठड्यावर पाय सोडून बसलेली माणसं. एक सायकलवाला, दोन म्हाताऱ्या, एक कॉलेजची पोरगी. तिकीट नाही, दार नाही, कुणी विचारत नाही. यांना 'गरम कारंजी' म्हणतात आणि तीही २०२१ मध्येच सुरू झाली. इथे जुन्या काळी चौकात गरिबांसाठी उघड्यावर कुंड असायचं. १४१६ मध्ये पोज्जो ब्राचोलिनी नावाच्या इटालियन विद्वानानं या गावचं वर्णन पत्रात करून ठेवलंय आणि बायका-पुरुषांच्या कुंडांमध्ये आडोसा किती तोकडा आहे यावर बराच वेळ खर्च केलाय. पुढे हे सगळं बंद पडत गेलं. २०१२ मध्ये तर सार्वजनिक थर्मल बाथही बंद झालं, म्हणजे ज्या गावाचं नावच स्नान, तिथे गावाला सार्वजनिक स्नानगृह नाही! काही लोकांनी मागे लागून फुकटचं पाणी परत नदीकाठी आणवलं. मला हे फार आवडलं. युनेस्कोनं २०२१ मध्ये युरोपातली ११ थोर स्पा-टाउन्स वारसा यादीत घेतली, त्यात बाडेन-बाडेन आहे, बाडेन बाय वीन आहे, हे बाडेन नाही. माझ्या मते यादीवाल्यांनी इथे पाय बुडवून बघितले नसावेत.

आईनं स्पोर्ट्स शूज काढले, मोजे घडी करून त्यात ठेवले, सलवार वर खोचली. बँडेज सोडलं. पाय पाण्यात घातले आणि नाक वर करून श्वास घेतला. गंधकाचा वास येत होता, जुन्या काडेपेटीसारखा.

"उन्हाळ्याचा वास," ती म्हणाली.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. आईचं माहेर राजापूरच्या बाजूचं. कोकणात गरम पाण्याच्या झऱ्याला उन्हाळं म्हणतात. ऊन म्हणजे फक्त डोक्यावरचं नाही, ऊन ऊन भातातलंही. राजापूरजवळ तर गावाचंच नाव उन्हाळे, वर टेकडीवर ती अधूनमधून प्रकट होणारी गंगा आणि तिची १४ कुंडं, खाली गरम पाण्याचा झरा. दापोली तालुक्यात उन्हवरे. पालीजवळ उन्हेरे. म्हणजे बाडेनांचा गोंधळ आपल्याकडेही आहेच. माझी एक मैत्रीण सासूबाईंना घेऊन उन्हवऱ्याऐवजी उन्हेऱ्याला पोचली होती आणि सासूबाई 'देऊळ बदललं की काय' म्हणत बसल्या होत्या. ठाण्या-पालघरपासून थेट राजापूरपर्यंत किनाऱ्याला समांतर अशी ही झऱ्यांची रांग आहे. उन्हवऱ्याचं पाणी तर ७० डिग्रीच्या आसपास असतं, बाडेनपेक्षा कितीतरी कडक. आणि हे ज्वालामुखीचं पाणी नव्हे. पावसाचंच पाणी, भेगांमधून खोल उतरतं, जमिनीच्या पोटातल्या उष्णतेनं तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. बाडेनचं गणितही बहुतेक असंच. (तापतं वरून आठवलं, चेक, स्लोव्हेनिया, क्रोएशियात अशा गावांना टेप्लित्से नाहीतर टोप्लित्से म्हणतात, आणि त्यातला 'टेप' आणि आपल्या तापण्यातला 'ताप' हे भाषाशास्त्रातले सख्खे चुलत. नावाबाबतीत सगळे सारखेच आळशी.)

तर आई. ती सांगायला लागली, आणि हे तिनं आधी कधीच सांगितलं नव्हतं. भाताची लावणी संपली की घरातल्या बायका उन्हाळ्याला जायच्या. आठवडेच्या आठवडे चिखलात उभं राहून पायांना चिखल्या झालेल्या असायच्या, बोटांच्या बेचक्यात नुसतं सोललेलं. त्या पाण्यात पाय घातले की आधी झोंबायचं आणि मग गार वाटायचं. बायकांचं कुंड वेगळं, आत अंधार, वाफ, आणि सगळ्या एकदम बोलायच्या. "सासवांबद्दल," आई म्हणाली. "तिथे ऐकायला कुणी नसायचं ना."

आणि आजी? तिचे गुडघे?

"नेत होतो की. दरवर्षी. आधी बैलगाडीनं, मग एसटीनं. पाण्यात असेपर्यंत बरं वाटायचं तिला. एसटी स्टँडपर्यंत येईस्तोवर परत तेच." आई पाण्याकडे बघत होती. "शेवटची चार वर्षं ओटीवर बसून होती. अंगणात कोण आलं ते बघायलासुद्धा उठता यायचं नाही. कुणी आलं की हाक मारायची, कोण गं?"

हर्मन हेसे, 'सिद्धार्थ'वाला, सायटिकासाठी १९२३ मध्ये याच बाडेनला आला आणि पुढे वर्षानुवर्षं येत राहिला. त्यावर त्यानं 'कुरगास्ट' नावाचं पुस्तकही लिहिलं. हे मी आईला सांगणार होते. नाही सांगितलं. वर्षानुवर्षं यावं लागलं यातच काय ते आलं. गरम पाण्यानं स्नायू सैल पडतात, तासभर दुखणं दबतं, झोप चांगली लागते. झिजलेली कूर्चा परत येत नाही, मग ते पाणी रोमनांचं असो की राजापूरचं. मला हे ठाऊक होतं आणि तरी मी स्पा बुक केला होता. कारण ऑपरेशनचा विषय काढण्यापेक्षा ते सोपं होतं.

आई म्हणाली, "भूल दिल्यावर जाग नाही आली तर?"

दीड वर्ष. गणपती, दिवाळी, लेकीकडे जाऊन येते, या सगळ्याच्या मागे एवढंच होतं. आणि आम्ही दोघी शहाण्या मुली तिला इन्शुरन्सचे कागद आणि हॉस्पिटलचे रेटिंग दाखवत होतो.

मी म्हटलं, गुडघ्याच्या ऑपरेशनला बहुतेक वेळा पूर्ण भूल देतच नाहीत, पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचाच भाग बधिर करतात. तुझ्याबाबतीत काय ते भूलतज्ज्ञ तपासून ठरवतील, आपण त्यांना आधीच भेटू, तूच विचार. तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी ही गोष्ट दीड वर्ष लपवून ठेवली होती.

"म्हणजे मला ठोकठोक ऐकू येणार?"

"हेडफोन देऊ."

"काय लावशील?"

"बेटोव्हेन."

"शी. नाट्यगीतं लाव."

शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी आम्हाला काहीतरी विचारलं, जर्मनमध्ये. बहुधा कुठून आलात. आईनं ठणठणीत मराठीत उत्तर दिलं, "राजापूर." बाईंनी मान डोलावली. त्यांना पटलेलं दिसलं.

संध्याकाळी ताईकडे परतलो. रात्री आई झोपल्यावर ताईला सगळं सांगितलं. ताई बराच वेळ बोलली नाही. मग तिनं कॅलेंडर काढलं. डिसेंबरात दोन आठवडे सुट्टी टाकली.

हॉटेलची मेल तिसऱ्या दिवशी आली. पैसे परत मिळणार नाहीत, पण बुकिंग वर्षभरात कधीही वापरता येईल. शेवटी लिहिलं होतं की असं होणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. कसलं बरं वाटलं ते वाचून!

ऑपरेशन डिसेंबरात झालं. नाट्यगीतं लावली. पहिले तीन आठवडे वाईट होते, ते कुणी तुम्हाला सांगत नाही. आई ओरडायची, मी ओरडायचे, आइसपॅक सारखे वितळायचे. सहाव्या आठवड्यात फिजिओथेरपिस्टनं तिला आमच्या बिल्डिंगचे जिने चढायला लावले. मधल्या मजल्यावर दम खायला थांबली तेव्हा तो म्हणाला, आजी, एवढी घाई करताय, कुठे जायचंय?

"बाडेनला."

"कुठलं बाडेन?" मी वरच्या पायरीवरून विचारलं.

आई कठडा धरून पुढची पायरी चढली. "पंचवीसशेवालं," ती म्हणाली.